‘कॅप्टन व्हिडिओ’ : एका लुप्त बालमालिकेचा इतिहास

साहित्याच्या इतिहासात लुप्त ग्रंथांनाही एक मानाचे स्थान असते. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज कोणाच्याही वाचनात येऊ शकत नाही; पैशाची भाषेतील तो मूळ ग्रंथ शतकानुशतकांपूर्वीच नाहीसा झाला. तरीही क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’ आणि सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ यांच्या आधारे त्या ग्रंथाच्या मूळ स्वरूपाची चर्चा विद्वान मोठ्या गांभीर्याने करीत आले आहेत. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने अव्हेरलेली आपली कथा गुणाढ्य अरण्यातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत गेला, वाचून झालेले प्रत्येक पान अग्नीत टाकीत गेला, आणि सात लक्ष श्लोकांपैकी एक लक्षच काय ते उरले, ही आख्यायिका भारतीय वाचकाला आजही हळहळावयास लावते. ग्रंथाचा नाश ही संस्कृतीची हानी होय, याविषयी तेथे कोणाचे दुमत नसते.

परंतु सर्वच लुप्त कृतींच्या वाट्याला असा शोक येत नाही. एखादी कृती नाहीशी झाली, हे ध्यानात येण्यासाठी मुळात ती ‘कृती’ होती, एवढे तरी कोणी मान्य केलेले असावे लागते. मुलांसाठी निर्माण झालेल्या वाङ्मयाला व मनोरंजनाला ही मान्यता सहसा मिळत नाही. आणि त्यातही जे मनोरंजन दररोज सायंकाळी येते व तासाभरात विरून जाते, त्याला तर मुळीच नाही. अमेरिकेतील ‘कॅप्टन व्हिडिओ अँड हिज व्हिडिओ रेंजर्स’ या आरंभकाळच्या दूरचित्रवाणी मालिकेचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २७ जून १९४९ ते १ एप्रिल १९५५ या जवळजवळ सहा वर्षांच्या अवधीत या मालिकेचे दीड हजारांहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. आज त्यांपैकी दोन डझनांच्या आसपास भाग लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अन्यत्र काही थोडे विखुरलेले आहेत. शंभर भागांतील दोन भागही धडपणे उरले नाहीत, असे हे प्रमाण पडते. ही हानी कशी घडली आणि तिचा निर्णय कोणी व कोणत्या निकषावर केला, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तो वाङ्मयीन मूल्यमापनाचाच प्रश्न आहे.

१

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत दूरचित्रवाणीचा प्रसार वेगाने होऊ लागला, तेव्हा या क्षेत्रात उतरलेल्या बहुतेक संस्था मूळच्या नभोवाणीच्या होत्या. त्यांच्याजवळ पैसा होता, लोकप्रिय कलावंत होते, जाहिरातदारांचा जुना राबता होता. ड्युमाँट ही संस्था मात्र याला अपवाद होती. ॲलन ड्युमाँट हे अभियंते. चित्रनलिका तयार करणे आणि ग्राहकयंत्रे विकणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. यंत्रे विकावयाची तर त्यांवर दिसण्यासारखे काही असावयास हवे, या व्यावहारिक गरजेतून १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील केंद्रे जोडून आपले प्रक्षेपणजाल उभे केले. नभोवाणीचे पाठबळ नसल्यामुळे ते आरंभापासून अखेरपर्यंत अर्थटंचाईत राहिले व १९५६ मध्ये बंद पडले. उण्यापुऱ्या दहा वर्षांचे हे आयुष्य. ‘कॅप्टन व्हिडिओ’ त्यातील सहा वर्षे व्यापून होता.

या मालिकेचे प्रयोग न्यूयॉर्कमधील वॉनामेकर या विस्तीर्ण दुकानाच्या इमारतीत उभारलेल्या कलागृहातून होत. ‘प्रयोग’ हाच शब्द येथे योग्य होय. कारण चित्रफितीवर मुद्रण करण्याची सोय १९५६ पूर्वी व्यवहारात आलेलीच नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे उभे राहात, अर्धा तास आपापल्या भूमिका करीत, आणि तो प्रयोग त्याच क्षणी घरोघरी दिसे. संवाद विसरला तर विसरला. पुठ्ठ्याची भिंत हलली तर हलली. सोमवार ते शुक्रवार, सायंकाळी सात वाजता, आणि काही काळ शनिवारीही, हे चक्र चालू असे. रंगभूमीवरील नटाला एकच नाटक रोज करावयाचे असते. या नटांना दररोज नवी संहिता पाठ करावी लागे. नायकाची भूमिका प्रथम करणारे रिचर्ड कूगन हे त्याच काळात ब्रॉडवेवरील ‘डायमंड लिल’ या नाटकातही काम करीत होते. त्यामुळे अवकाशवीराचा वेष उतरवून त्यांना रात्रीच्या प्रयोगासाठी नाट्यगृह गाठावे लागे. १९५० च्या अखेरीस त्यांनी ही भूमिका सोडली आणि ती ॲल हॉज यांच्याकडे आली. ‘ग्रीन हॉर्नेट’ या नभोवाणीमालिकेतील त्यांचा आवाज श्रोत्यांच्या आधीच परिचयाचा होता.

दृश्य साहित्यासाठी आठवड्याला २५ डॉलर एवढीच रक्कम मंजूर असे, असे या मालिकेविषयी सांगितले जाते. या दारिद्र्याच्या खुणा लपण्यासारख्या नव्हत्या. दूरच्या भविष्यकाळातील अद्भुत यंत्रे घरगुती अडगळीतून जुळवलेली असत. त्यांना भारदस्त शास्त्रीय नावे दिली, म्हणजे त्यांचे काम भागे. अर्ध्या तासाच्या मध्येच जुन्या घोडेस्वारपटांतील काही तुकडे दाखवले जात. पृथ्वीवर अन्यत्र कॅप्टनचे हस्तक कोणती कामगिरी बजावीत आहेत ते पाहावे, अशी त्यामागची सबब असे. अवकाशयुगातील हस्तक पिस्तुले घेऊन घोड्यावरून का दौडत आहेत, हा प्रश्न प्रौढ प्रेक्षकाला पडला असता. मुलांनी तो संकेत मान्य केला होता.

२

या मान्यतेचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय हरवले ते काय, हे कळणार नाही. कथानक म्हटले तर अगदी साधे. एका पर्वतातील गुप्त तळावरून कॅप्टन व्हिडिओ विश्वातील दुर्जनांशी लढतो. त्याला दुसरे नाव नाही, घरदार नाही, भूतकाळ नाही. त्याच्यासमवेत एक किशोरवयीन साहाय्यक असतो. त्यालाही ‘व्हिडिओ रेंजर’ याखेरीज नाव नाही. ही भूमिका करणारे डॉन हेस्टिंग्ज मालिकेच्या आरंभी स्वतः पंधरा वर्षांचे होते. डॉ. पॉली हा शास्त्रज्ञ खलनायक पुनःपुन्हा हरतो व पुनःपुन्हा परततो. १९५३ मध्ये अवतरलेला एक महाकाय यंत्रमानव विशेष गाजला. त्याच्या अंगावर ‘रोबॉट’ ही अक्षरे उलट्या क्रमाने उमटल्यामुळे त्याचे नाव ‘टोबोर’ पडले, अशी गंमत कथेतच योजलेली होती. आरंभीचे संगीत वाग्नरच्या ‘फ्लाइंग डचमन’ या संगीतनाटकाच्या नांदीतून घेतलेले असे. कथानकाला स्वतःच्या बळावर न पेलणारे गांभीर्य हे संगीत आणून देई.

साहित्यिक दृष्टीने पाहता यात नवे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. एकांडा वीर, निष्ठावान शिष्य, कपटी मायावी आणि त्याचा मायामय दास, ही पात्रे कोणत्याही देशाच्या कथापरंपरेत सापडतात. नवीन होती ती सांगण्याची वेळ आणि सांगण्याचे स्थान. तत्पूर्वी चित्रपटगृहात आठवड्यातून एकदा मालिकापट पाहावयास मिळे. नभोवाणीवर रोज कथा ऐकावयास मिळे, पण ती दिसत नसे. रोजच्या रोज, घरात, दिव्याच्या उजेडात, चालू क्षणी घडत असलेली कथा पाहणे हा अनुभव मुलांच्या पिढीला प्रथमच येत होता. आपण पाहतो आहोत त्याच क्षणी कॅप्टन संकटात आहे, ही जाणीव त्या अनुभवाचा प्राण होती. पुठ्ठ्याची भिंत हलल्याने ती नष्ट होत नसे. उलट, हे सारे आत्ताच चालले आहे याची ती खूणच ठरे. लोकनाट्याच्या फडात एकच नट घटकेत राजा व घटकेत सोंगाड्या होतो, आणि प्रेक्षक त्याला आडकाठी करीत नाहीत; त्या जातीचा हा करार होता. करार म्हटला की दोन पक्ष आले. येथे दुसरा पक्ष मुलांचा होता.

मालिकेच्या निर्मात्यांना हे ठाऊक होते. कथेच्या मध्यंतरात ‘रेंजरांना संदेश’ दिला जाई. त्यात सहिष्णुता, प्रामाणिकपणा, स्वातंत्र्य अशा गोष्टींविषयी चार शब्द असत. न्याहारीचे पदार्थ व मिठाई विकणाऱ्या जाहिरातदारांनाही ते ठाऊक होते. खोक्यावरचे झाकण आणि काही नाणी टपालाने पाठवावीत, म्हणजे कॅप्टनची अंगठी घरी येई. मुलाला नागरिक व ग्राहक करण्याचे दोन्ही उद्योग एकाच अर्ध्या तासात, एकाच आवाजात चालत. त्यांतील कोणता अधिक यशस्वी झाला, याचा निर्णय करणे कठीण आहे. संग्राहकांच्या पेटीत त्या अंगठ्या मात्र आजही सापडतात. ज्या भागांनी त्यांना अर्थ दिला, ते भाग सापडत नाहीत.

३

या मालिकेचा लेखनविषयक इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. आरंभीच्या काळातील संहिता नभोवाणीच्या साहसकथांच्या वळणाने, घाईघाईत लिहिल्या गेल्या होत्या. पुढे निर्मितीची जबाबदारी ओल्गा ड्रूस यांच्याकडे आल्यावर त्यांनी विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकांना पाचारण केले. जॅक व्हान्स, जेम्स ब्लिश, डेमन नाइट, रॉबर्ट शेकली, वॉल्टर मिलर यांसारख्यांची नावे या मालिकेच्या लेखकांत आढळतात. त्या वेळी यांतील बहुतेक जण स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांचे लेखक म्हणूनच ओळखले जात. पुढे अमेरिकन विज्ञानकथेच्या इतिहासात त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यांच्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांवर प्रबंध झाले. त्यांच्या लेखनाचा जो भाग लाखो मुलांनी प्रत्यक्ष पाहिला, तो मात्र या अभ्यासाच्या बहुतांशी बाहेर राहिला; कारण अभ्यासावे असे हाती फारसे काही उरलेच नाही.

लेखकाच्या समग्र वाङ्मयाचा विचार करताना समीक्षक त्याच्या उमेदवारीच्या लेखनाला महत्त्व देतो. दर दिवसाच्या अखेरीस कथा कोठे तोडावी, लहान प्रेक्षकाला कळेल एवढ्याच शब्दांत अपरिचित जग कसे उभे करावे, पंचवीस डॉलरांच्या साहित्यात कोणता ग्रह बसेल, या बंधनांतून हे लेखक गेले होते. त्या बंधनांनी त्यांच्या पुढील लेखनाला कोणते वळण दिले, याविषयी काही म्हणावयाचे तर संहिता व प्रयोग दोन्ही शेजारी ठेवून वाचावयास हवीत. प्रयोग नाहीसे झाल्यावर संहिता कोठे हाती लागली, तरी ती अर्धीच साक्ष देते.

वॉल्टर मिलर यांच्या बाबतीत तर या घटनेला एक विलक्षण अर्थ प्राप्त होतो. १९६१ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ या कादंबरीत अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगातील संन्यासी जुन्या संस्कृतीचे कागद प्राणपणाने जपतात. त्या पवित्र अवशेषांत एका विद्युत्-यंत्राचा आराखडा असतो, आणि किराणा मालाची एक यादीही असते. कशाचे मोल काय, हे त्या संन्याशांना कळत नाही. म्हणूनच ते सर्वच जपतात. मोल कळत नसेल तर निदान जपावे, हा विवेक कादंबरीतील अडाणी जगाजवळ होता. ती लिहिणाऱ्याचे स्वतःचे लेखन ज्यांच्या हाती पडले, त्या सुजाण जगाजवळ तो नव्हता.

४

प्रयोग चालू क्षणी होत असले, तरी त्यांची एक नोंद घेतली जात असे. चित्रनलिकेच्या पडद्यासमोर चलच्चित्राचा कॅमेरा लावून त्यावर दिसणारे दृश्य फिल्मवर उतरवीत. या फिल्मला ‘किनेस्कोप’ म्हणत. तिचा हेतू जतनाचा नव्हता. देशाचे दोन किनारे तारमार्गाने १९५१ मध्ये जोडले जाईपर्यंत, आणि त्यानंतरही ज्या केंद्रांपर्यंत तार पोहोचली नव्हती त्यांच्यापर्यंत, कार्यक्रम पोहोचवण्याचा हाच मार्ग होता. फिल्म टपालाने जाई, दूरच्या केंद्रावरून दाखवली जाई, आणि तेथे तिचे काम संपे. म्हणजे आज जे काही थोडे भाग उरले आहेत, ते वाहतुकीच्या सोयीतून उरलेले आहेत. कोणीतरी ते राखावयाचे ठरवले होते, असे नाही.

ड्युमाँट बंद पडल्यावर या फिल्मचा साठा मालकी बदलत गेलेल्या गोदामांत पडून राहिला. फिल्मच्या लेपात चांदी असते. जुन्या फिल्म वितळवून ती काढून घेणे हा त्या काळचा रूढ व्यवहार होता, आणि ड्युमाँटच्या पुष्कळ फिल्म त्यात गेल्या. उरलेल्या साठ्याच्या अंताविषयीची साक्ष अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी दिली. त्यांचे पती अर्नी कोव्हॅक्स यांचे कार्यक्रमही एके काळी ड्युमाँटवरून होत असत. १९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयाने दूरचित्रवाणीच्या जतनासंबंधी सुनावणी घेतली, तेव्हा त्यांनी सांगितले की, १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत एका हस्तांतराच्या वेळी हा साठा सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा यावर तंटा झाला. तेव्हा एका वकिलाने तो प्रश्न आपल्या परीने सोडवला. मध्यरात्रीनंतर तीन मालमोटारी आल्या, साठा त्यांत भरून एका तराफ्यावर नेण्यात आला, आणि न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवण्यात आला. ही एका व्यक्तीची साक्ष आहे आणि ती साक्ष म्हणूनच स्वीकारावयास हवी. परंतु गोदाम रिकामे झाले, याविषयी शंकेला जागा नाही.

मराठी वाचकाला येथे इंद्रायणीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तुकोबांच्या वह्या डोहात बुडवल्या गेल्या आणि त्या तरल्या, ही श्रद्धेची कथा आहे. लोकांच्या मुखी अभंग होते म्हणून ते तरले, असा तिचा अर्थ अनेकांनी केला आहे. हा अर्थ स्वीकारला तर दोन बुडण्यांतील भेद स्पष्ट होतो. अभंग मुखोद्गत होऊ शकतो, कारण त्याचे सर्वस्व शब्दांत आहे. प्रयोगाचे सर्वस्व शब्दांत नसते. पाहणाऱ्या मुलांना कॅप्टनचा आवाज आठवला, टोबोरची चाल आठवली. पण त्या आठवणींतून प्रयोग पुन्हा उभा करता येत नाही.

या नाशात कोणी दुष्ट हेतू धरला होता, असे दिसत नाही, आणि हीच गोष्ट अधिक चिंतनीय आहे. साठा राखावयाचा तर खर्च होता. त्यापासून उत्पन्न नव्हते. नुसत्या व्यापारी बुद्धीने केलेला हा हिशेब होता. तो चुकीचा आहे असे सांगणारा अन्य हिशेब समाजाने मांडला असता, तर कदाचित कोणी थांबले असते. तो मांडण्याचे काम समीक्षकांचे, विद्यापीठांचे, ग्रंथालयांचे होते. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु मुलांच्या कार्यक्रमांविषयी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला गेला: त्यांच्यामुळे मुले बिघडतात काय? १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे ॲल हॉज यांना पाचारण करण्यात आले, आणि आपल्या मालिकेत हिंसेच्या बाबतीत संयम पाळला जातो, अशी बाजू त्यांनी मांडली. त्या कामकाजाचा वृत्तांत सरकारने छापून ठेवला. ज्या मालिकेची चौकशी झाली तिच्यापेक्षा चौकशीचे दप्तर अधिक सुरक्षित राहिले.

५

मूळ कृती नाहीशी झाली तरी तिची प्रतिबिंबे उरतात, आणि ‘कॅप्टन व्हिडिओ’च्या बाबतीत ती चमत्कारिक रीतीने उरली आहेत. १९५१ मध्ये कोलंबिया चित्रसंस्थेने या मालिकेवरून पंधरा प्रकरणांचा मालिकापट काढला. त्यात नायकाचे काम जड होल्ड्रेन या वेगळ्याच नटाने केले. तो फिल्मवरच घडवलेला असल्याने आजही पाहावयास मिळतो. त्याच वर्षी निघालेले चित्रकथांचे अंकही उपलब्ध आहेत. यामुळे आज जो जिज्ञासू ‘कॅप्टन व्हिडिओ’ पाहावयास जातो, त्याच्या हाती प्रथम येते ती नक्कल. आणि नकलेवरूनच तो मुळाचा तर्क करू लागतो. बृहत्कथेच्या अभ्यासकाचीही हीच स्थिती आहे. परंतु सोमदेवाने आपण मुळाचे अनुसरण केल्याचे आरंभीच सांगून ठेवले आहे. चित्रपटसंस्थेला तसे काही सांगण्याचे कारण नव्हते.

आणखी एक प्रतिबिंब अधिक हृद्य आहे. ‘द हनीमूनर्स’ या विनोदी मालिकेचा पहिला भाग १ ऑक्टोबर १९५५ रोजी दाखवला गेला. त्यातील एड नॉर्टन हा गटारखात्यातील प्रौढ कामगार ‘कॅप्टन व्हिडिओ’चा निस्सीम भक्त दाखवला आहे, तो अवकाशवीराचे शिरस्त्राण घालून मोठ्या श्रद्धेने दूरचित्रवाणीयंत्रापुढे बसतो, आणि प्रेक्षक हसतात. त्या वेळी मूळ मालिका बंद होऊन सहा महिने झाले होते. विशेष म्हणजे ‘द हनीमूनर्स’चे हे भाग ‘इलेक्ट्रॉनिकॅम’ या पद्धतीने फिल्मवर घेण्यात आले होते, आणि ही पद्धत ड्युमाँटच्याच प्रयोगशाळेतून निघालेली होती. याचा अर्थ असा की, कार्यक्रम उत्तम प्रतीच्या फिल्मवर राखून ठेवण्याचे साधन त्या संस्थेने शोधून काढले, तेव्हा तिचा स्वतःचा सर्वांत लोकप्रिय बालकार्यक्रम संपलेला होता. ते साधन लाभले त्या कार्यक्रमाला, ज्यात त्याची प्रेमळ थट्टा केलेली आहे. भक्त उरला, दैवत लोपले.

ॲल हॉज यांच्या आयुष्यावरही या लोपाची छाया पडली. ‘कॅप्टन व्हिडिओ’ या प्रतिमेशी ते इतके एकरूप झाले होते की, मालिका बंद पडल्यावर त्यांना मनासारखी कामे मिळेनाशी झाली. १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथे विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. रंगभूमीवरील नटाला उतारवयात निदान आपल्या भूमिकांचे जाणकार भेटतात. हॉज यांचे जाणकार मुले होती. ती मोठी झाली होती, आणि त्यांना पुन्हा दाखवावे असे या नटाजवळ फारसे काही राहिले नव्हते.

६

लुप्त कृतीच्या स्मरणाला इतिहासाचा दर्जा केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने त्यांच्या लीळा सांगणाऱ्यांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे तो मूळ ग्रंथच परचक्रात गहाळ झाला, आणि महानुभावांनी तो पुन्हा स्मरणातून उभा केला. या पुनर्रचनेत भिन्न जणांच्या स्मरणांतील भेद पुसून टाकले गेले नाहीत. अमुकाचा पाठ असा, तमुकाचा तसा, अशा नोंदींसह ते जपण्यात आले. स्मरण प्रमाण मानावयाचे, पण ते कोणाचे हे सांगूनच मानावयाचे, ही शिस्त मराठी गद्याच्या अगदी आरंभीच घालून दिलेली आहे. ‘कॅप्टन व्हिडिओ’विषयी जे स्मरणपर लेखन पुढे झाले, त्यात ही शिस्त नेहमी आढळत नाही. पाहिलेला भाग, चित्रकथेत वाचलेला प्रसंग, आणि नंतर कोणाकडून ऐकलेली कथा यांची सरमिसळ त्यात सहज होते. स्मरण करणाऱ्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाने सायंकाळी सात वाजता पाहिलेल्या गोष्टीची टिपणे ठेवलेली नसतात.

मात्र मुले नेहमीच असहाय असतात, असेही नाही. ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग प्रसारणसंस्थेनेच पुसून टाकले. पण त्या नष्ट भागांपैकी प्रत्येकाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. घरच्या ध्वनिमुद्रणयंत्राचा ग्राहक दूरचित्रवाणीपुढे धरून बसलेल्या मुलांनी व तरुणांनी तो राखला. संस्थेला ज्याचे मोल कळले नाही, ते प्रेक्षकांना कळले होते. १९४९ च्या अमेरिकन मुलांना ती सोय नव्हती, एवढाच काय तो फरक.

भारतात दूरचित्रवाणी उशिरा आली, परंतु हा प्रश्न तिच्यासमवेतच आला. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यावरील ‘किलबिल’ हा मराठी बालकार्यक्रम पाहात एक पिढी वाढली. चित्रफीत महाग असल्याने वापरलेली फीत पुसून पुन्हा वापरणे हा त्या काळी जगातील अनेक केंद्रांचा शिरस्ता होता. ‘किलबिल’चा उल्लेख आज मुख्यतः त्या पिढीच्या गप्पांत येतो; मराठी बालसाहित्याच्या इतिहासात तो क्वचित येतो. छापील बालवाङ्मयाची स्थितीही फारशी निराळी नाही. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकाने मराठी मुलांच्या अनेक पिढ्या वाचत्या केल्या. परंतु मुलांच्या मासिकाची प्रत मुलांच्याच हातात झिजते, फाटते, आणि रद्दीत जाते. जी प्रत कोणी वाचली नाही तीच बहुधा टिकते. या झिजण्यात प्रेम असते; उपसागरात बुडवण्यात ते नव्हते. तथापि संग्रहाचे भान नसले म्हणजे दोहोंचा परिणाम एकच होतो.

‘कॅप्टन व्हिडिओ’ ही थोर कलाकृती होती, असे म्हणण्याचे कारण नाही. जे भाग उरले आहेत, त्यांत संवाद बेतास बात आहेत, आणि नेपथ्याविषयी न बोललेले बरे. परंतु कृती थोर आहे की सामान्य, हे ठरवण्याचा अधिकार ती पाहू शकणाऱ्यालाच असतो. दीड हजार भागांविषयीचा हा निर्णय ती न पाहताच, गोदामाच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्यांनी देऊन टाकला, आणि समीक्षेला त्यावर पुनर्विचार करण्याची संधीही ठेवली नाही. काय राखावे हे ठरवणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे. ती समीक्षकाने चढली नाही, तर दुसरा कोणीतरी चढतो. बालवाङ्मयाच्या बाबतीत हा दुसरा कोणीतरी बहुधा जागेच्या आणि पैशाच्या अडचणीत असतो, आणि मुलांना विचारण्याची पद्धत नसते. गुणाढ्याने पाने जाळली तेव्हा ऐकणारे पशुपक्षी चारापाणी सोडून रडत उभे होते, असे कथा सांगते. ती वार्ता राजापर्यंत पोहोचली, आणि म्हणून एक लक्ष श्लोक वाचले. श्रोत्यांचे दुःख दरबारी पोहोचले, एवढेच तेथे निर्णायक ठरले. न्यूयॉर्कच्या उपसागराकडे तराफा निघाला, त्या रात्री ‘कॅप्टन व्हिडिओ’चे श्रोते तिशीत पोहोचलेले होते, आपापल्या घरी झोपलेले होते, आणि त्यांना कोणी काही कळवले नव्हते.